शून्य, असत्य आणि अभाव : ॲरेमधील शोधाच्या उत्तराविषयी

एखादी गोष्ट शोधणे ही एक क्रिया आहे आणि शोधाचे जे उत्तर हाती येते त्याचा अर्थ लावणे ही दुसरी. पहिली क्रिया आज बहुतांशी संगणकाकडे सोपवली गेली आहे. दुसरी मात्र संगणकाला सूचना लिहून देणाऱ्याकडे, म्हणजे अखेर माणसाकडेच राहिली आहे. अमुक शब्द अमुक कवीने कोठेही योजलेला नाही, असे विधान पूर्वी छापील शब्दसूची चाळून केले जाई. आता ते संगणकात साठवलेल्या संहितेत शोध घेऊन केले जाते. अशा वेळी त्या 'नाही'च्या मागे नेमके काय घडले हे समजून घेणे साहित्याच्या अभ्यासकालाही टाळता येण्यासारखे नाही. प्रस्तुत लेखात जावास्क्रिप्ट व पीएचपी या वेबसाठी वापरल्या जाणाऱ्या दोन भाषांत शोधाचे उत्तर कसे मिळते आणि ते वाचताना कोणती गल्लत होते, याचा विचार केला आहे.

विवेचनासाठी बंगळूरमधील एचएसआर लेआउट या वसाहतीचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. शहराच्या आग्नेय भागात ती वसली असून नावातील तीन आद्याक्षरे होसूर, सर्जापूर आणि रोड या शब्दांची आहेत. बंगळूर विकास प्राधिकरणाने आखलेल्या या वसाहतीचे सात सेक्टर आहेत, आणि घराचा पत्ता सेक्टर, मेन व क्रॉस यांच्या आकड्यांनी सांगण्याची तेथे रीत आहे. संगणकीय व्यवसायाच्या लहानमोठ्या कचेऱ्या तेथे दाटीने उभ्या राहिल्या आहेत. अशा एखाद्या कचेरीत, घरपोच वाणसामान देणाऱ्या दुकानासाठी प्रोग्राम लिहिला जात आहे, अशी कल्पना करावी. ग्राहकाने सांगितलेला सेक्टर दुकानाच्या यादीत असेल तर मागणी स्वीकारायची, नसेल तर दिलगिरी व्यक्त करायची, एवढेच काम. सातही सेक्टरांची नावे ॲरेमध्ये मांडलेली आहेत. ॲरे म्हणजे एकाच नावाखाली ओळीने ठेवलेल्या मूल्यांची रांग. रांगेतल्या प्रत्येक जागेला क्रमांक असतो, पण तो १ पासून नव्हे तर ० पासून सुरू होतो. पहिला सेक्टर ० या जागी बसतो, सातवा ६ या जागी.

जावास्क्रिप्टमध्ये 'इंडेक्सऑफ' या फंक्शनला एखादे मूल्य दिले की ते रांगेत पहिल्यांदा जेथे सापडेल त्या जागेचा क्रमांक परत मिळतो. सातवा सेक्टर विचारला तर ६, तिसरा विचारला तर २, पहिला विचारला तर ०. अस्तित्वात नसलेला आठवा सेक्टर विचारला तर उत्तर येते -१. आता प्रोग्राम लिहिणाऱ्याने सहज बोलीत लिहावे तसे लिहिले : 'सापडला, तर मागणी स्वीकार.' संगणकाच्या हाती मात्र 'सापडला' असा शब्द नाही, आकडा आहे. त्या आकड्याचे त्याला होय किंवा नाही यांत रूपांतर करावे लागते. जावास्क्रिप्टचा यासंबंधीचा नियम सरळ आहे : शून्य म्हणजे नाही, आणि बाकी कोणतीही संख्या, मग ती ऋण का असेना, म्हणजे होय. परिणामी पहिल्या सेक्टरमधील रहिवाशाला नकार मिळतो आणि आठव्या सेक्टरमधील काल्पनिक रहिवाशाची मागणी स्वीकारली जाते. दोन्ही उत्तरे चुकली. यंत्राने मात्र एकही चूक केलेली नाही.

या चुकीचा खरा उपद्रव ती दिसत नाही यात आहे. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतच्या सहा सेक्टरांसाठी प्रोग्राम बिनचूक चालतो. कचेरी सहाव्या सेक्टरमध्ये असेल आणि तपासणी करणाऱ्याने स्वतःचाच पत्ता घालून पाहिला, तर त्याचे समाधान होणार हे उघड आहे. तक्रार येते ती रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्याकडून, आणि ती एकट्याची असल्यामुळे सहसा तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

शून्यापासून मोजण्याची ही पद्धत अनेकांना विक्षिप्त वाटते. वस्तुतः भारतीय वाचकाला ती अपरिचित असण्याचे कारण नाही. इमारतीत शिरताना ज्या मजल्यावर पाय पडतो त्याला आपण तळमजला म्हणतो, आणि एक जिना चढल्यावर पहिला मजला येतो. कोरीव लेखांच्या कालनिर्णयात गत वर्ष आणि वर्तमान वर्ष असा भेद करावा लागतो तोही याच जातीचा : जी वर्षे पुरी होऊन गेली त्यांची गणती एक आकडा देते, चालू वर्षाची गणती त्याहून एकाने अधिक. ॲरेमधील जागेचा क्रमांक हा 'गत' क्रमांक आहे. या मूल्यापूर्वी किती मूल्ये होऊन गेली, एवढेच तो सांगतो. पहिल्यापूर्वी कोणीही नाही, म्हणून शून्य. एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली लिहिलेल्या एका छोट्या टिपणात शून्यापासून गणती करण्याचे समर्थन केले आहे, आणि त्यातील युक्तिवाद अजूनही वाचनीय आहे. तेव्हा दोष शून्यापासून मोजण्याचा नव्हे. 'प्रारंभीची जागा' या अर्थाचे शून्य आणि 'नाही' या अर्थाचे शून्य यांना एकच आकडा मिळतो, आणि वाचणारा त्यांतील भेद विसरतो, हे या गल्लतीचे मूळ.

रास्मुस लर्डॉर्फ यांनी १९९५ साली जाहीर केलेल्या पीएचपी भाषेत हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. तेथे 'ॲरे सर्च' या फंक्शनला मूल्य सापडले तर त्याची जागा परत मिळते. न सापडले तर आकडा मिळत नाही, 'फॉल्स' म्हणजे 'असत्य' हे स्वतंत्र मूल्य मिळते. (आवृत्ती ४.२.० पूर्वी असत्याऐवजी 'नल' हे रिक्त मूल्य मिळत असे. म्हणजे 'नाही' कसे म्हणावे याविषयी भाषेच्या कर्त्यांचाही विचार बदलत गेला.) तत्त्वतः ही व्यवस्था अधिक निर्दोष आहे, कारण अभावाला जागेच्या क्रमांकाचे सोंग घ्यावे लागत नाही. पण या भाषेत दोन मूल्यांची तुलना दोन प्रकारे करता येते. दोन बरोबर-चिन्हांची तुलना सैल असते; ती करताना दोन्ही बाजू एका जातीच्या करून घेतल्या जातात आणि असत्य व ० ही समान ठरतात. तीन बरोबर-चिन्हांची तुलना कडक असते. तीत मूल्याबरोबर त्याची जातही पाहिली जाते, आणि मग ० हे ० राहते, असत्य हे असत्य. सैल तुलना वापरली की जे वेगळेपण फंक्शनने काळजीपूर्वक जपले होते ते वाचताना पुसले जाते.

सैल तुलनेचा उपद्रव उत्तर वाचण्यापुरताही मर्यादित नव्हता. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये पीएचपीची आठवी आवृत्ती येईपर्यंत ० ही संख्या आकड्याने सुरू न होणाऱ्या कोणत्याही शब्दाशी सैलपणे समान ठरत असे. ग्रंथनामांच्या यादीत ० शोधले तर पहिलाच ग्रंथ सापडल्याचे उत्तर येई. आठव्या आवृत्तीने हा नियम बदलला. तरीही शोधताना कडक तुलना व्हावी असे सांगणारे तिसरे गमक फंक्शनला देण्याची सवय आजही शहाणपणाची आहे.

मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला या चुकीत एक विपरीत विनोद दिसेल. आद्य ग्रंथ कोणता, आद्य कवी कोण, यावर आपल्याकडे किती शाई खर्ची पडली आहे ते सर्वज्ञात आहे. समजा, 'लीळाचरित्र' ज्याच्या अग्रभागी आहे अशी प्राचीन मराठी ग्रंथांची रांग संगणकात मांडली आणि प्रत्येक ग्रंथ यादीत आहे की नाही हे वरील चुकीच्या पद्धतीने विचारले, तर जो अग्रभागी तोच नेमका गैरहजर ठरतो. अग्रभागी 'विवेकसिंधु' ठेवला तर 'लीळाचरित्र' परत येते आणि 'विवेकसिंधु' नाहीसा होतो. या वादात कोणाचीही बाजू घेतली तरी हानी ठरलेलीच.

शोधाचे उत्तर नुसते वाचायचे नसून त्यावरून पुढे काही कृती करायची असेल, तर परिस्थिती अधिक गंभीर होते. अभंगाच्या संहितेतून प्रक्षिप्त चरण वगळणे हे संपादकाचे नेहमीचे काम आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून या कामाची परंपरा मराठीत सांगितली जाते. आज एखाद्या अभंगाचे चरण ॲरेमध्ये मांडून, नको असलेला चरण शोधायचा आणि मिळालेल्या जागेवरून तो काढून टाकायचा, अशा दोन पायऱ्यांत हे काम करता येते. एखाद्या अभंगात तो चरण मुळातच नसला तर काय होते? जावास्क्रिप्टमध्ये शोधाचे उत्तर -१ येते. काढून टाकणाऱ्या 'स्प्लाइस' या फंक्शनला -१ हा आकडा दिला, तर त्याचा अर्थ ते 'शेवटून पहिला' असा करते. म्हणजे शेवटचा चरण जातो. आणि संतकवीची नाममुद्रा बहुधा असते ती त्याच चरणात. पीएचपीमध्ये असत्य हे मूल्य जागेचा क्रमांक म्हणून पुढे केले की भाषा त्याचे मुकाट्याने शून्य करते, आणि पहिला चरण जातो. गाथांच्या अनुक्रमणिका अभंगांच्या आरंभीच्या शब्दांवरून लावलेल्या असतात हे लक्षात घेतले म्हणजे या लोपाचे गांभीर्य कळेल. एका भाषेत कवीचे नाव पुसले जाते, दुसरीत कवितेचे. दोन्हींत कसलीही सूचना मिळत नाही. शेकडो अभंगांवरून असा प्रोग्राम एकदा फिरला तर नुकसान कोठे कोठे झाले हे मूळ प्रतीशी ताडून पाहिल्यावाचून कळण्याचा मार्ग उरत नाही.

अभावाचे स्थान काय, या प्रश्नाचा भारतीय परंपरेत फार सूक्ष्म विचार झालेला आहे, आणि येथे त्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात (१.१.६०) न दिसण्याला 'लोप' ही संज्ञा दिली. लुप्त झालेल्या प्रत्ययामुळे होणारे कार्य लोपानंतरही कसे होते हे सांगणारे सूत्र त्यानंतर दोनच सूत्रांनी येते. जे नाही त्यालाही व्याकरणात नाव व अधिकार आहेत. वैशेषिकांचे मूळचे पदार्थ सहा. उत्तरकालीन विचारकांनी अभावाला सातवा पदार्थ मानून भावपदार्थांच्या बाहेर त्याची वेगळी सोय लावली. या भाषेत बोलायचे तर -१ हे उत्तर अभावाला जुन्याच सहा पदार्थांत कोंबण्याचा प्रयत्न आहे : अभावही एक जागाच, फक्त अशक्य जागा. पीएचपीतील असत्य हा सातवा पदार्थ आहे, पण सैल तुलना त्याला पुन्हा पहिल्या सहांत ओढून नेते. पायथन भाषेने यादीतील शोधापुरता तिसराच मार्ग पत्करला. मूल्य नसेल तर उत्तरच न देता ती काम थांबवते आणि तक्रार नोंदवते. हा मार्ग कडवट खरा, पण कोणाचा शेवटचा चरण त्यात हरवत नाही. केनेथ आयव्हरसन यांच्या एपीएल या जुन्या भाषेत न सापडलेल्या मूल्यासाठी रांगेच्या शेवटच्या जागेच्या पुढची जागा सांगितली जाते. पाहुणा आला नाही, तर त्याच्यासाठी रांगेमागे एक पाट मांडून ठेवावा तसे.

व्यवहारातील उपाय फारसे अवघड नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये उत्तर -१ नाही ना, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. पीएचपीमध्ये ते असत्य नाही ना, हे कडक तुलनेने विचारावे. -१ चे अंक उलटवून शून्य करणारे एकच चिन्ह शोधापुढे ठेवण्याची एक चतुर युक्ती काही काळ लोकप्रिय होती. ती बरोबर चालते. पण वाचणाऱ्याला कोडे घालणारी सूचना ही चांगली सूचना नव्हे. याहून महत्त्वाचे म्हणजे कोणता प्रश्न विचारायचा आहे हे आधी ठरवणे. आहे काय, कोठे आहे, आणि आहे ते कोणते, हे तीन प्रश्न बोलण्याच्या ओघात एकमेकांत मिसळतात. जावास्क्रिप्टमध्ये ते वेगळे व्हायला काळ लागला : ॲरेसाठी 'इंडेक्सऑफ' २००९ च्या प्रमाणकात आले, 'फाइंड' आणि 'फाइंडइंडेक्स' २०१५ च्या, आणि निव्वळ होय वा नाही सांगणारे 'इन्क्लूड्स' २०१६ च्या. (या शेवटच्या फंक्शनचे नाव आधी 'कंटेन्स' ठरले होते, पण 'मूटूल्स' या जुन्या साधनसंग्रहावर चालणारी संकेतस्थळे त्या नावाने मोडू लागली, तेव्हा नाव बदलावे लागले. संज्ञा निवडण्याचे स्वातंत्र्य पूर्वसूरींनी किती शिल्लक ठेवले आहे, हा पारिभाषिक कोशकारांचा अनुभव येथेही आहेच.) वाणसामानाच्या दुकानाला सेक्टरची जागा नको होती, केवळ होकार वा नकार हवा होता. त्याने 'इन्क्लूड्स' विचारले असते तर शून्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

'फाइंड' हे फंक्शन जागेऐवजी सापडलेले मूल्यच हाती देते, आणि काही न सापडल्यास 'अनडिफाइंड', म्हणजे अनिश्चित असे मूल्य. येथेही सावध राहावे लागते. एखादा शब्द प्रत्येक अध्यायात किती वेळा आला याचे आकडे ॲरेमध्ये असतील आणि पाचाहून कमी असलेला पहिला आकडा विचारला, तर सापडलेला आकडाच शून्य असू शकतो. ते उत्तर होकाराच्या कसोटीवर पुन्हा 'नाही' असे वाचले जाईल. अशा ठिकाणी जागा विचारणेच बरे. पीएचपीच्या ८.४ या आवृत्तीने २०२४ मध्ये हे तीनही प्रश्न विचारणारी स्वतंत्र फंक्शने दिली. त्यांतील 'ॲरे फाइंड' न सापडल्यास रिक्त मूल्य परत देते, म्हणून तोच सावधपणा तेथेही हवा.

आतापर्यंत जे सापडले ते 'नाही' म्हणून कसे वाचले जाते हे पाहिले. याच्या पलीकडची अवस्था अशी की उत्तर -१ येते, ते -१ म्हणूनच बरोबर वाचले जाते, आणि तरीही शोधलेला शब्द संहितेत असतो. देवनागरीत हे वारंवार घडते. मराठीतील 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येते, किंवा 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन संकेतांनी; डोळ्यांना दोन्ही एकच, तुलनेला मात्र भिन्न. या जोडीपुरती सोय आहे, कारण युनिकोडने त्यांना समतुल्य मानले असून 'नॉर्मलाइझ' हे फंक्शन दोन्ही बाजूंना लावले की त्या जुळतात. पण 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ मध्ये. तत्पूर्वी, आणि पुष्कळदा त्यानंतरही, ते 'अ'वर चंद्र देऊन लिहिले गेले. आणि हे दोन लेखनप्रकार समतुल्य मानलेले नाहीत. ज्या 'ॲरे'विषयी हा लेख आहे त्याच शब्दाचा शोध एका लेखनाने घेतला तर दुसऱ्या लेखनातील 'ॲरे' हाती लागणार नाही.

यात लेखननियमांतील बदलाची भर पडते. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे नियम स्वीकारले गेले आणि व्युत्पत्तीने सिद्ध होणारे अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधी छापलेल्या ग्रंथांत 'नाहीं' आहे, नंतरच्यांत 'नाही'. जुनी आणि नवी पुस्तके एकाच संग्रहात असताना अनुस्वाराविना 'नाही' शोधले आणि संपूर्ण शब्दांची तुलना केली, तर जुनी पुस्तके सांगतात की त्यांच्यात 'नाही' नाही.

भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीला, म्हणजे न आढळण्याला, सहावे प्रमाण मानले. अद्वैत वेदान्त्यांनीही ते स्वीकारले. पण त्यांनी तिला एक अट घातली. भूतलावर घट दिसत नाही म्हणून तो नाही, असे म्हणता येते ते तेथे घट असता तर दिसला असता अशी परिस्थिती असेल तरच. अंधारात न दिसलेल्या घटाविषयी असे म्हणता येत नाही. ही योग्यतेची अट शोधाच्या प्रोग्रामला तंतोतंत लावता येते, आणि ती लावायला थोडाच वेळ पुरतो. ज्या शब्दाविषयी विधान करायचे आहे त्याचा शोध घेण्यापूर्वी, रांगेतील अगदी पहिला शब्द विचारून पाहावा, मग शेवटचा, मग जो निश्चितपणे नाही असा एखादा शब्द, आणि मग डोळ्यांनी वाचून ठाऊक असलेला, 'ऱ' किंवा 'ॲ' असलेला एखादा शब्द, छापील पानावरून न उचलता कळफलकावर स्वतः टंकून. चारही वेळा अपेक्षित उत्तर आले, तर दिवा लागलेला आहे. एचएसआर लेआउटमधील त्या प्रोग्रामला यांतील पहिली आणि तिसरी परीक्षा, म्हणजे पहिला सेक्टर व आठवा सेक्टर, एवढ्या दोनच पुरल्या असत्या.